डॉ. सुभाष मुखोपाध्याय : भ्रूण गोठवून बाळ जन्माला आणणारा कोलकात्याचा डॉक्टर

वारंवार गर्भपात झालेल्या जोडप्याला आजकाल आयव्हीएफसोबत भ्रूणाची जेनेटिक टेस्ट सुचवली जाते. तिला पीजीटी-ए म्हणतात. पाच-सहा दिवसांच्या भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी काढायच्या आणि गुणसूत्रांची संख्या बरोबर आहे का ते बघायचं. रिपोर्ट यायला दिवस लागतात आणि तोवर भ्रूण बाहेर टिकत नाही. म्हणून तो उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. हे गोठवणं आज रोजचं झालंय. पण १९७८ मध्ये ज्या डॉक्टरने ते करून दाखवलं, त्याच्यावर कोणी विश्वासच ठेवला नाही.

सुभाष मुखोपाध्याय यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबागमध्ये झाला. १९५५ मध्ये ते कोलकात्यात एमबीबीएस झाले. मग दोन पीएचडी केल्या, एक कोलकाता विद्यापीठातून आणि दुसरी १९६७ मध्ये एडिनबरातून. परदेशात राहता आलं असतं, पण ते परत आले, सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि जमेल तेवढ्या साधनांत संशोधन करत राहिले.

त्यांच्याकडे गर्भनलिका बंद असलेली एक स्त्री आली. सुनीत मुखर्जी आणि डॉ. सरोजकांती भट्टाचार्य यांना सोबत घेऊन त्यांनी काम सुरू केलं. हार्मोनची इंजेक्शनं देऊन एकापेक्षा जास्त स्त्रीबीजं तयार केली, शरीराबाहेर फलन घडवलं आणि डीएमएसओ नावाचं रसायन वापरून भ्रूण गोठवले. ५३ दिवसांनी, पुढच्या एका पाळीच्या चक्रात, ते गर्भाशयात सोडले. इंजेक्शनांचा परिणाम ओसरल्यावर गर्भाशय भ्रूणाला जास्त चांगलं स्वीकारेल, असा त्यामागचा विचार होता. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी झाली. बातम्यांत तिचं नाव दुर्गा असं आलं. इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मून तेव्हा फक्त ७० दिवस झाले होते, आणि तिथे भ्रूण गोठवलेला नव्हता.

घोळ इथून पुढे झाला. प्रयोगाची सगळी माहिती शास्त्रीय नियतकालिकात छापून आलेली नव्हती. समाज काय म्हणेल या भीतीने मुलीच्या घरच्यांना पुढे यायचं नव्हतं. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली, पण तिचा अध्यक्ष रेडिओफिजिक्सचा तज्ज्ञ होता. समितीने दावा खोटा ठरवला. जपानला जाऊन काम मांडायची संधी आली, तर परवानगी नाकारली. शेवटी त्यांची बदली डोळ्यांच्या एका संस्थेत केली. १९ जून १९८१ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

पुढची गोष्ट मुंबईची. १९८६ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. भारतातली पहिली म्हणून तिचीच नोंद झाली. नंतर आनंद कुमार यांच्या हाती सुभाषबाबूंची हस्तलिखित टिपणं आली. ती वाचून त्यांची खात्री पटली आणि १९९७ मध्ये त्यांनी लेख लिहून पहिलेपणाचा मान सुभाषबाबूंना देऊन टाकला. स्वतःच्या नावावरचा विक्रम त्यांनी स्वतःच खोडला! पुढे दुर्गा मोठी झाल्यावर स्वतःहून लोकांसमोर आली.

आता आजच्या टेस्टकडे येऊ. सुभाषबाबूंच्या वेळी पुरावा होता, पण तो नीट कोणी बघितला नाही. पीजीटी-एच्या बाबतीत निदान तुम्ही तरी पुरावा बघा. पहिल्या तीन महिन्यांतल्या सुमारे निम्म्या गर्भपातांत गुणसूत्रांची गडबड सापडते, त्यामुळे टेस्टमागचं लॉजिक बरोबर आहे. पण टेस्ट भ्रूण दुरुस्त करत नाही, फक्त निवडायला मदत करते. काढलेल्या चार पेशी सदोष आणि बाकीचा भ्रूण ठीक, असंही होऊ शकतं. गर्भाशयातला पडदा, थायरॉइड किंवा रक्त गोठण्याचा त्रास हे कारण असेल, तर या टेस्टने ते सुटत नाही. वारंवार गर्भपात झालेल्या सगळ्याच जोडप्यांना तिचा फायदा होतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. कारण न सापडलेल्या अनेक जोडप्यांना पुढे आयव्हीएफशिवायही मूल होतं.

म्हणून पैसे भरण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. आम्हा दोघांची गुणसूत्र तपासणी झाली का? गर्भपाताची बाकी कारणं तपासली का? आमच्या वयाच्या जोडप्यांत टेस्ट करून आणि न करता, प्रत्यक्ष बाळ घरी किती जणांनी नेलं? आणि हो, या टेस्टमधून मुलगा की मुलगी हे सांगणं भारतात गुन्हा आहे, ते विचारूच नका.