जॉक स्टीन

जॉन "जॉक" स्टीन (५ ऑक्टोबर, १९२२:बर्नबँक, लॅनार्कशायर, स्कॉटलंड - १० सप्टेंबर, १९८५:कार्डिफ, वेल्स) हे स्कॉटलंडचे फुटबॉल खेळाडू व व्यवस्थापक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली ग्लासगोच्या सेल्टिक संघाने १९६७ मध्ये युरोपियन चषक जिंकला. हा चषक जिंकणारा तो ब्रिटनमधील पहिला संघ होय.

खेळाडू

स्टीन खाणकामगाराचे पुत्र. तेही सोळाव्या वर्षीच कोळशाच्या खाणीत उतरले. १९४२ पासून ते कोटब्रिजच्या आल्बियन रोव्हर्स या लहानशा क्लबकडून बचावफळीत खेळू लागले, तरी खाणीतील काम सुटले नाही. हा संघ १९४८ मध्ये वरच्या श्रेणीत गेला आणि एकाच हंगामानंतर तळाला राहून खाली आला. पुढे १९५० मध्ये स्टीन वेल्समधील लॅनेलीच्या संघात गेले. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द तिथेच संपली असती, तरी कोणाला आश्चर्य वाटले नसते.

डिसेंबर १९५१ मध्ये, वयाच्या २९व्या वर्षी, सेल्टिकने त्यांना घेतले ते राखीव संघातील तरुणांना आधार म्हणून. मुख्य संघातील बचावपटू जखमी झाल्याने त्यांना संधी मिळाली आणि लवकरच ते कर्णधार झाले. १९५३-५४ मध्ये सेल्टिकने लीग व स्कॉटिश चषक ही दोन्ही विजेतेपदे मिळवली. असे १९१४ नंतर प्रथमच घडत होते. घोट्याच्या दुखापतीमुळे १९५७ मध्ये त्यांना खेळ सोडावा लागला.

व्यवस्थापक

सेल्टिकच्या राखीव संघाला काही काळ शिकवल्यावर स्टीन १९६० मध्ये डनफर्मलिनचे व्यवस्थापक झाले. हा संघ त्या वेळी खालच्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात होता. पुढच्याच वर्षी त्याने स्कॉटिश चषक जिंकला, तोही अंतिम फेरीत सेल्टिकला हरवून. हिबर्नियनमधील अल्प मुक्कामानंतर मार्च १९६५ मध्ये स्टीन सेल्टिकला परतले. आयरिश कॅथलिक स्थलांतरितांच्या या क्लबचे तोवरचे तिन्ही व्यवस्थापक कॅथलिक होते. स्टीन प्रोटेस्टंट होते. धर्मावरून दुभंगलेल्या ग्लासगोत ही निवड साधी नव्हती. तिथे संघनिवडीत अध्यक्षांचा शब्द चालत असे. स्टीन यांनी तो अधिकार स्वतःकडे घेतला आणि कार्यालयात न बसता मैदानावर उतरून सराव घेतला.

२५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे इंटर मिलानने सातव्याच मिनिटाला पेनल्टीवर गोल केला व नंतर आपल्या प्रसिद्ध बचावाचा आश्रय घेतला. सेल्टिकने आक्रमण थांबवले नाही. गेमेल व चामर्स यांच्या गोलांमुळे सामना २-१ असा जिंकला. विजयी संघातील अकराही खेळाडू ग्लासगोपासून सुमारे ५० किलोमीटरच्या परिसरात जन्मलेले होते. १९६६ ते १९७४ या काळात सेल्टिकने सलग नऊ वेळा लीग जिंकली. १९७० मधील युरोपियन चषकाचा अंतिम सामना मात्र फेयनूर्डविरुद्ध गमावला.

१९७५ मधील मोटार अपघातात स्टीन गंभीर जखमी झाले. १९७८ मध्ये त्यांनी सेल्टिक सोडले आणि लीड्स युनायटेडला केवळ ४४ दिवस दिल्यावर स्कॉटलंडचे व्यवस्थापकपद स्वीकारले. १९८२ च्या विश्वचषकात स्कॉटलंड गोलफरकामुळे पहिल्याच फेरीत बाद झाला.

मृत्यू

१० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफमध्ये वेल्सविरुद्धच्या पात्रता सामन्यात स्कॉटलंड पिछाडीवर होता. ८१व्या मिनिटाला डेव्ही कूपर यांनी पेनल्टीवर बरोबरी साधली. सामना संपत असतानाच स्टीन कोसळले आणि मैदानावरील वैद्यकीय कक्षातच त्यांचे निधन झाले. त्यांचे साहाय्यक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी संघाची सूत्रे घेतली. ऑस्ट्रेलियाला हरवून स्कॉटलंड १९८६ च्या मेक्सिकोतील विश्वचषकासाठी पात्र ठरला.