चार्ल्स बॅबेज: दोन प्रोजेक्ट आणि प्लॅनिंगचा धडा

फोनमधला कॅल्क्युलेटर क्षणात उत्तर देतो. 1820 च्या सुमारास मात्र मोठी आकडेमोड माणसं हातानं करायची. जहाजांना समुद्रात आपली जागा शोधायला लागणारी कोष्टकं अशीच बनायची आणि त्यात चुका राहायच्या. लंडनचे गणितज्ञ चार्ल्स बॅबेज (1791-1871) यांना हे काम यंत्राकडून करून घ्यायचं होतं.

पहिला प्रोजेक्ट: घाईत सुरुवात

1823 मध्ये ब्रिटिश सरकारने डिफरन्स इंजिनसाठी पैसे दिले. बॅबेज यांचा अंदाज होता, दोन-तीन वर्षांत काम होईल. पण डिझाइनमध्ये सुमारे 25,000 सुटे भाग होते आणि त्या काळी हुबेहूब एकसारखे भाग बनवणंच अवघड होतं. कारागीर जोसेफ क्लेमेंट यांना त्यासाठी खास हत्यारं तयार करावी लागली. काम चालू असतानाच बॅबेज डिझाइनही बदलत राहिले.

1832 मध्ये यंत्राचा एक छोटा भाग जोडला आणि तो मस्त चालला! पण पुढच्याच वर्षी वाद होऊन क्लेमेंट यांनी काम थांबवलं. पाठोपाठ बॅबेज यांच्या डोक्यात आणखी मोठं, प्रोग्रॅम करता येईल असं अ‍ॅनालिटिकल इंजिन आलं. शेवटी 1842 मध्ये सरकारने हात वर केले. तोवर 17,000 पौंडांहून जास्त खर्च झाला होता.

दुसरा प्रोजेक्ट: आधी कागदावर

1847 ते 1849 मध्ये त्यांनी डिफरन्स इंजिन नंबर 2 ची सविस्तर ड्रॉइंग्ज काढली. आधीच्या अपयशातून शिकलेलं सगळं इथे कामी आलं. क्षमता जास्त, पण भाग साधारण एक तृतीयांशच! मात्र यावेळी सरकारने पैसे दिले नाहीत. बॅबेज गेले तेव्हा हे यंत्र कागदावरच होतं.

लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच ड्रॉइंग्जवरून ते बनवायला घेतलं. काही चुका दुरुस्त कराव्या लागल्या, पण 1991 मध्ये गणित करणारा भाग चालू झाला आणि 2002 मध्ये प्रिंटरही.

यातून काय घ्यायचं?

नुसत्या प्लॅनिंगने प्रोजेक्ट पूर्ण होत नाही, पैसा आणि टीमही लागतेच. पण अ‍ॅप बनवताना कोडिंगआधी काय बनवायचं, कशाने बनवायचं आणि नवीन फीचर घेणं कुठे थांबवायचं, हे लिहून काढा. छोटा प्रोटोटाइप हाही प्लॅनिंगचाच भाग आहे. प्लॅन इतका स्पष्ट हवा, की उद्या तुम्ही टीममध्ये नसलात तरी दुसऱ्याला काम पुढे नेता येईल.