छंदापायी

हैदराबादचे सालारजंग म्युझियम तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. तेथे सर्वांत जास्त गर्दी घड्याळापाशी असते. ठोके देणारा छोटासा माणूस पाहून लोक खूश होतात. पण ही दौलत जमवली कोणी, हे फार थोडे विचारतात.

त्यांचे नाव मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग. त्यांच्या घराण्याचा आपल्या मुलुखाशीही संबंध आहे. आपला यवतमाळ जिल्हा ज्या वऱ्हाड प्रांतात मोडतो, तो १८५३ साली निजामाने इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्याच वर्षी युसूफ अलींचे आजोबा, पहिले सालारजंग, हैदराबादचे दिवाण झाले. हा प्रांत परत मिळावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. पण यश आले नाही.

युसूफ अलींचा जन्म १३ जून १८८९ रोजी पुण्यात झाला. महिनाही झाला नाही, तोच वडील वारले. १९१२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते दिवाण झाले. दोनच वर्षांनी त्यांनी ते पद सोडले. मग उरलेले सारे आयुष्य जुन्या वस्तू जमवण्यात गेले. परदेशचे व्यापारी त्यांना याद्या पाठवत. ते स्वतःही युरोपात जाऊन खरेदी करत. फ्रान्सचे नक्षीदार सामान व चिनी मातीची भांडी यांनी त्यांची देवडी भरून गेली.

मला स्वतःला घड्याळापेक्षा तेथील शस्त्रे पाहणे आवडते. तलवारी व खंजिरांबरोबर तोड्याच्या बंदुकाही तेथे आहेत. जळत्या तोड्याने दारू पेटवायची, म्हणजे पावसात पंचाईतच! पुढे फ्रान्समध्ये गारगोटीच्या ठिणगीची चांगली बंदूक निघाली. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या लेफोशे या कारागिराने नळी मध्येच वाकवून मागून काडतूस भरता येईल अशी बंदूक केली. शिकाऱ्यांचे काम किती सोपे झाले असेल! जुनी शस्त्रे कोणी जपून ठेवली, तरच हा बदल डोळ्यांना दिसतो.

सालारजंगांनी लग्न केले नाही. २ मार्च १९४९ रोजी ते वारले, तेव्हा मुलेबाळे नव्हती. वस्तू वाटल्या गेल्या असत्या, तर चार दिशांना पांगल्या असत्या. पण १९५१ साली त्यांच्याच दिवाण देवडीत पंडित नेहरूंच्या हस्ते म्युझियम उघडले. पुढे वारसांशी तडजोड झाली आणि १९६१ साली संसदेने कायदा करून ते राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवले. १९६८ मध्ये सारा संग्रह मूसी नदीकाठच्या नव्या इमारतीत गेला. देवडीचा बराचसा भाग नंतर पाडला गेला. तिची कमान तेवढी उरली.