हकीम अबू बक्र राझी : देवी, गोवर आणि गुलाब

अबू बक्र मुहम्मद इब्ने झकरिया राझी यांचा जन्म हिजरी 251 (इ.स. 865) च्या सुमारास इराणातील रय नगरीत झाला. वैद्यकाकडे ते काहीसे उशिराच वळले. तरी पुढे रय आणि बगदाद येथील इस्पितळांचे प्रमुखपद त्यांनी भूषविले. त्यांच्या काही तात्त्विक मतांवर उलेमांनी कठोर टीका केली आहे व ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. परंतु रुग्णाच्या उशाशी बसलेले राझी आपल्या घराघरांत परिचित असावयास हवेत.

मुलाला ताप येऊन अंगावर पुरळ उठले, तर ती देवी की गोवर, याचा स्पष्ट निवाडा तेव्हा होत नसे. राझी यांनी या दोन रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सततचा ताप, पाठदुखी, नाकात खाज, झोपेत दचकणे ही देवीची पूर्वचिन्हे; त्यांतही पाठदुखी देवीत अधिक, तर मळमळ व अस्वस्थता गोवरात अधिक, असे त्यांनी नोंदविले. रोगाचे कारण मात्र ते रक्ताच्या उकळण्यात शोधीत. द्राक्षाचा रस जसा फसफसतो, तसे. विषाणूंचा शोध हजार वर्षे दूर होता. कारणमीमांसा कालबाह्य झाली, निरीक्षण टिकले. देवीतून वाचलेल्या अनेकांची दृष्टी जाई. म्हणून पुरळ दिसू लागताच प्रथम डोळे जपावेत, त्यांत गुलाबपाणी घालावे, असे त्यांनी सांगितले.

हाच गुलाब एका विद्वानाला छळीत होता. अबू झैद बल्खी यांना दर वसंतात, गुलाब फुलले की, सर्दी जडे. सर्वांना सुखविणारा सुगंध एकालाच का बाधतो, या प्रश्नावर राझी यांनी एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आज यास आपण ॲलर्जी म्हणतो : निरुपद्रवी कणाला शरीर शत्रू समजते, हिस्टामीन स्रवते, नाकाचे अस्तर सुजते आणि पाणी वाहू लागते. राझी यांच्यापाशी हे शब्द नव्हते; पण रुग्णाची तक्रार त्यांनी नाजूकपणाचे सोंग म्हणून झटकून टाकली नाही, ही गोष्ट मला त्यांच्या मोठमोठ्या ग्रंथांइतकीच मोलाची वाटते.

उतारवयात त्यांची स्वतःचीच दृष्टी गेली. हिजरी 313 (इ.स. 925) च्या सुमारास रय येथे त्यांचे निधन झाले. आयुष्यभर जमविलेली त्यांची टिपणे शिष्यांनी मागाहून एकत्र केली. तोच ‘अल-हावी’ हा विशाल ग्रंथ.