टिरेल आणि दगडावरचे ओरखडे

ड्रमहेलरचं डायनोसॉर म्युझियम तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. त्याच्या नावातले टिरेल कोण, माहीत आहे का?

जोसेफ बर टिरेल १८५८ साली टोरोंटोजवळच्या वेस्टन गावात जन्मले. लहानपणी त्यांना स्कार्लेट फिव्हर झाला. त्यानंतर त्यांना कमी दिसायचं, ऐकूही कमी यायचं. शिकले वकिली, पण तब्येत नाजूक. मोकळ्या हवेत काम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून ते कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षणात लागले. १८८४ मध्ये त्यांना डायनोसॉरची कवटी सापडली. ती गोष्ट म्युझियममध्ये वाचाच. मला सांगायचंय ते बर्फाबद्दल.

१८९३ मध्ये टिरेल, त्यांचा भाऊ आणि सहा नावाडी कनू घेऊन हडसन उपसागराच्या पश्चिमेला निघाले. त्या भागात झाडं नाहीत. डुबॉन्ट तलाव तर ऑगस्टमध्येही गोठलेला! काठाशी थोडं पाणी मोकळं होतं, तेवढ्यातून ते वल्हवत गेले. पुढे समुद्रकिनाऱ्यावर थंडीने गाठलं आणि खाणं संपलं. शेवटी दोघं जण चालत चर्चिलला गेले, तिथून मदत आली, म्हणून सगळे वाचले.

एवढ्या हालातही टिरेल दगडांवरचे ओरखडे बघून वहीत दिशा लिहीत होते. सरकणाऱ्या बर्फाने दगड घासले की असे ओरखडे उठतात. त्यावरून त्यांनी ओळखलं, की हिमयुगातला तो प्रचंड बर्फ उत्तर ध्रुवावरून आला नव्हता. तो इथेच, कीवाटिनच्या सखल जमिनीवर साठला आणि इथूनच पसरला.

सखल जमिनीवर एवढा बर्फ टिकला कसा? उन्हात काळा टी-शर्ट घालून बघा, मग पांढरा. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊन परत पाठवतो. काळसर जमीन बहुतेक ऊन शोषून घेते. हिवाळ्यातला बर्फ उन्हाळ्यात पूर्ण वितळला नाही, की जमीन पांढरीच राहते, गारवा टिकतो आणि पुढच्या वर्षीचा बर्फ त्यावर साठतो. उलटंही होतं बरं का! बर्फ कमी पडला, की खालचा जुना, मळकट बर्फ लवकर उघडा पडतो आणि भराभर वितळतो.

टिरेल १९५७ साली, ९८ व्या वर्षी वारले. त्या जुन्या बर्फाचा शेवटचा तुकडा बॅफिन बेटावर अजून आहे. त्याला बार्न्स हिमटोपी म्हणतात. तीही आता दरवर्षी पातळ होतेय.