दि. बा. पाटील: 'साडेबारा टक्के' मिळवून देणारे जासईचे दिबा

उलवे, द्रोणागिरी किंवा खारघरला प्लॉट बघायला गेलात की एजंटच्या तोंडी एक शब्द हमखास येतो, 'साडेबारा टक्क्यांचा प्लॉट'. हा आकडा आला कुठून? त्यामागे उरण तालुक्यातल्या जासई गावचा एक माणूस आहे. दिनकर बाळू पाटील, म्हणजेच दिबा.

13 जानेवारी 1926 ला जासईतल्या आगरी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. खाडीकाठची भातशेती, मिठागरं आणि मासेमारीवर जगणारा हा मुलूख. कोर्टकचेरी म्हटलं की लोकांना धडकी भरायची. दिबा कायदा शिकले आणि मोठ्या शहरात जाण्याऐवजी पनवेलमध्येच वकिली करू लागले. 1957 ला शेतकरी कामगार पक्षाकडून पनवेलचे आमदार झाले. पुढे एकूण 5 वेळा आमदार, 2 वेळा खासदार, शिवाय विधानसभेत विरोधी पक्षनेते.

पण दिबा लक्षात राहिले ते जमिनीसाठी.

1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली. मुंबईवरचा ताण कमी करायला खाडीपलीकडे नवं शहर वसवायचं ठरलं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली 95 गावं त्यात आली. सरकार शेतीच्या भावाने जमीन घेणार, त्यावर रस्ते-वीज-पाणी आणणार आणि तीच जमीन शहराच्या भावाने विकणार. शेतकऱ्याच्या हाती एकदाच मिळणारे पैसे, जे कर्जफेडीत आणि लग्नकार्यात संपून जाणार.

दिबांचा मुद्दा इथेच वेगळा होता. शहराला त्यांचा विरोध नव्हता. नुसता भाव वाढवून घेणंही त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. ज्याच्या शेतावर शहर उभं राहतं, त्याला त्या शहरातला हिस्सा जमिनीच्याच रूपात मिळाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

जानेवारी 1984 मध्ये ही लढाई रस्त्यावर आली. तेव्हा वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. 16 तारखेला जासईजवळ आणि 17 ला नवघर इथे पोलिसांनी आंदोलकांवर गोळीबार केला. धुतुम, चिर्ले, पागोटे या गावांतल्या 5 जणांचा जीव गेला. आजही दरवर्षी याच दोन दिवशी त्यांना अभिवादन केलं जातं. त्याच वर्षअखेरीस लोकसभेची निवडणूक झाली. देशभर काँग्रेसची लाट होती, 400 च्या वर जागा आल्या. कुलाब्याने मात्र दिबांना निवडून दिलं.

शेवटी सरकारला नमतं घ्यावं लागलं आणि 1990 मध्ये साडेबारा टक्के योजना आली. हिशेब साधा आहे. एकर म्हणजे 40 गुंठे. एक एकर गेली तर 5 गुंठे विकसित जमीन परत. त्यातूनही सामाजिक सुविधांसाठी कपात होते, म्हणजे हातात साधारण साडेतीन गुंठे. कमीच वाटतं, पण शहरातल्या साडेतीन गुंठ्यांची किंमत नवी मुंबईत राहणाऱ्यांना वेगळी सांगायला नको. अर्थात, अनेकांना हे भूखंड मिळायला वर्षानुवर्षं लागली. काहींनी ते ताब्यात येण्याआधीच बिल्डरला देऊन टाकले.

आयुष्यभर शेकापचा लाल बावटा धरलेले दिबा उतारवयात शिवसेनेत गेले, ते बऱ्याच कार्यकर्त्यांना रुचलं नाही. 24 जून 2013 ला त्यांचं निधन झालं.

गंमत म्हणजे 2021 मध्ये नवी मुंबई विमानतळाला बाळासाहेब ठाकरेंचं नाव देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा याच गावांतले लोक दिबांच्या नावासाठी रस्त्यावर उतरले. जूनमध्ये मानवी साखळी झाली, सिडकोवर मोर्चा गेला. 2022 मध्ये राज्य सरकारने दिबांच्या नावाला मंजुरी दिली. त्या विमानतळासाठी ज्यांची शेतं गेली, त्यांना मोबदल्यात विकसित जमीन मिळाली. आकडा होता साडेबावीस टक्के.