चिंतामणराव देशमुख

चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१४ जानेवारी १८९६ – २ ऑक्टोबर १९८२) हे अर्थतज्ज्ञ, प्रशासक आणि संस्कृतचे व्यासंगी अभ्यासक होते. ते भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते आणि १९५० ते १९५६ या काळात केंद्रीय अर्थमंत्री होते. शालेय पुस्तकांतील त्यांची ओळख बहुधा एवढ्यावरच थांबते. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतील तिसरे प्रमुख उमेदवार ही त्यांची ओळख मात्र बरीचशी विस्मरणात गेली आहे. वस्तुतः त्या निवडणुकीचा निर्णय त्यांच्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या पसंतीची मोजणी झाल्यावरच लागला.

जन्म व शिक्षण

चिंतामणरावांचा जन्म आजच्या रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील वकील होते. बालपण रोह्यात गेले. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आय. सी. एस. परीक्षेतही त्यांचा क्रमांक पहिला होता. अर्थशास्त्र हा त्यांच्या पदवीचा विषय नव्हता, ही गोष्ट त्यांची पुढील कारकीर्द पाहता ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

प्रशासन आणि रिझर्व्ह बँक

नोकरीची पहिली दोन दशके मध्य प्रांत व वऱ्हाडात गेली. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे झालेल्या परिषदेत ते भारताचे प्रतिनिधी होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्था याच परिषदेतून निर्माण झाल्या. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकेने भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक म्हणून काम केले. वैरभावाने वातावरण भरलेले असताना हा व्यवहार सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेही त्यांच्याच कार्यकाळात.

अर्थमंत्रिपद आणि राजीनामा

१९५० मध्ये ते नियोजन आयोगाचे सदस्य आणि पाठोपाठ अर्थमंत्री झाले. १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर ते लोकसभेवर निवडून गेले. तथापि पक्षकार्यकर्त्याचा पिंड त्यांचा कधीच नव्हता. इंपीरियल बँकेचे रूपांतर १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँकेत झाले. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याचा व्यवसाय सरकारने वटहुकुमाने ताब्यात घेतला.

त्याच आठवड्यात मुंबई पेटली होती. मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय १६ जानेवारीला पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केला आणि त्याविरुद्धच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात अनेकांचा बळी गेला. चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडण्याचा मनोदय कळवला. जुलै १९५६ मध्ये ते प्रत्यक्ष बाहेर पडले. राजीनाम्याविषयी लोकसभेत निवेदन करताना निर्णयाच्या पद्धतीवर आणि गोळीबाराची चौकशी टाळण्यावर त्यांनी पंतप्रधानांसमोरच टीका केली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभा गाजवणारे नेते पुष्कळ होते. पण केंद्रातले इतके मोठे पद त्यासाठी सोडणाऱ्या या मितभाषी माणसाविषयी मराठी जनतेला वाटलेला आदर वेगळ्या जातीचा होता.

यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष (१९५६–६१) आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू (१९६२–६७) होते. १९५९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता.

१९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक

राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी पदावर असताना निधन झाले. काँग्रेस पक्षाने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली, परंतु पंतप्रधान इंदिरा गांधी यांना ही निवड मनापासून मान्य नव्हती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून अर्ज भरला. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी ७३ वर्षांच्या चिंतामणरावांना पुढे केले. येथे एक विसंगती नजरेत भरते. १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशातील सारा वाद त्या प्रश्नाभोवती फिरू लागला. अशा वेळी खासगी उद्योगाचा कैवार घेणाऱ्या स्वतंत्र पक्षाचा उमेदवार होता तो आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाच्या वेळचा अर्थमंत्री. पक्षांना हवे होते ते त्यांचे निष्कलंक नाव, असेच म्हणावे लागते.

या निवडणुकीत संसदेचे व विधानसभांचे निर्वाचित सदस्य मतदान करतात आणि उमेदवारांना पसंतीक्रम देतात. कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजतात. चिंतामणराव निवडून येण्याची शक्यता नव्हतीच. प्रश्न होता तो त्यांच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीचा. ती रेड्डींना मिळावी म्हणून काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांची भेट घेतली. या भेटींवरून पक्षात वादळ उठले, आणि काँग्रेस सदस्यांनी आपल्या सद्सद्विवेकानुसार मत द्यावे, अशी भूमिका इंदिरा गांधींनी घेतली.

मतदान १६ ऑगस्टला झाले. विजयासाठी ४,१८,१६९ मते आवश्यक होती. पहिल्या पसंतीची गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणरावांना १,१२,७६९ मते मिळाली. ते बाद झाल्यावर त्यांच्या मतांचा फार मोठा भाग ठरल्याप्रमाणे रेड्डींकडे गेला, पण सगळा नव्हे. अखेर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. जवळजवळ ८८ हजारांचे अंतर साडेचौदा हजारांवर आले होते. राष्ट्रपतिपदाचा निकाल दुसऱ्या पसंतीपर्यंत गेल्याचे हे एकमेव उदाहरण आहे. काही महिन्यांतच, नोव्हेंबर १९६९ मध्ये, काँग्रेस दुभंगली.

साहित्य व उत्तरायुष्य

निवडणुकीच्या त्याच वर्षी चिंतामणरावांच्या संस्कृत कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत पद्यानुवाद केला होता आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली होती. 'द कोर्स ऑफ माय लाइफ' हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९७४ मध्ये निघाले. १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले.

पहिल्या पत्नी रोझिना यांच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये त्यांनी स्वातंत्र्यसैनिक व समाजकार्यकर्त्या दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. उत्तरायुष्य दोघांनी हैदराबादेत घालवले. दुर्गाबाई मे १९८१ मध्ये निवर्तल्या. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला हैदराबाद येथेच चिंतामणरावांचे निधन झाले.